थोरलीची पेटी, धाकटीची भाकर

मी तेरा वर्षं गायन पार्टीत होते असं सांगितलं की माणसं लगेच म्हणतात, "मग म्हणा की एखादं." मी घसा बसलाय म्हणून सांगते. ते खरंच आहे. तो जन्मापासून कधी उठलाच नाही, एवढंच सांगायचं राहून जातं. माझा आवाज म्हणजे तेल न मिळालेला रहाट. माहेरी मी गुणगुणायला लागले की म्हैस पान्हा चोरायची आणि आई मला उगाच पाण्याला पिटाळायची.

गायची ती माझी थोरली जाऊ. मी तिला आक्का म्हणायची. ढोकीपासून तेरखेड्यापर्यंत तिचं नाव होतं, आणि त्या नावाच्या मागं दोन हात अंतरावर मी बसलेली असायची.

मी लग्न होऊन आले ती बहात्तरच्या दुष्काळात. माझ्या लग्नाच्या पंगतीला अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आणि आरपार दिसणारी आमटी होती. अंगाची हळद जायच्या आत मी पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहत होते. तिथंच मी आक्काचं गाणं पहिल्यांदा ऐकलं. डोक्यावर पाटी, कपाळावरून मातीचे ओघळ, आणि ही बाई खुशाल त्या मिलोवरच गाणं रचून म्हणत होती:

"लाल ज्वारी आली गं बाई बोटीत बसून,
तव्यावरती जाताच बसली फुगायची रुसून!"

सगळ्या बायका हसल्या आणि बघता बघता पाट्यांची रांग भराभर हलायला लागली. ते मुकादमाच्या ध्यानात आलं. तो म्हणाला, "बाई, तुमी त्या ढिगावर हुबं ऱ्हावा आन् नुसतं म्हणत ऱ्हावा."

"आमी माती वाहायची आन् हिनं नुसता गळा काढायचा व्हय?" पहिल्या दिवशी बायका पुटपुटल्या. तिसऱ्या दिवशी त्याच बायकांनी आक्काच्या वाटणीची माती आपसात वाटून घेतली. कारण ती गप्प बसली की दुपार संपता संपायची नाही. कुणीतरी गायचं आणि त्याचं काम दुसऱ्यांनी ओढायचं, ही आमच्या पार्टीची रीत अशी त्या बांधावरच ठरली. पुढं त्यातलं ओढायचं काम एकट्या माझ्या वाट्याला आलं, ते सांगतेच.

दुष्काळ सरला. आमच्या वस्तीवरचे शाळेतले गुरुजी पेटी वाजवायचे, आक्काचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, ढोलकी. दोघांनी मिळून आक्काची गायन पार्टी काढायची ठरवली. जयंतीला, लग्नाला, दीक्षेच्या दिवसाला कार्यक्रम मिळतील म्हणाले. राहिल्या होत्या फक्त आत्याबाई. म्हणजे आमच्या सासूबाई.

आत्याबाईंनी दोन अटी घातल्या. पहिली, "थोरली एकली जायाची न्हाय. धाकली मागं बसंल."

"आत्याबाई, मला गाता येत न्हाय," मी म्हटलं.

"गायला कोन सांगतंय? बस म्हनलं."

दुसरी अट अवघड होती. त्या काळी दोन पार्ट्यांचा सामना लावायचे. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जबाब द्यायचा, जबाब चुकला की हार. आत्याबाई म्हणाल्या, "जितून आलीस तर चार मानसं बघतील. हारून आलीस तर चार मानसं बोलतील, आन् ती बोलनी मला ऐकावी लागतील. ज्या दिशी हारून येशील, त्या दिशी पेटी बंद. पुन्यांदा नाव काढायचं न्हाय."

आक्का "बरं" म्हणाली. तिला वाटलं, हरतंय कोण!

आणि खरंच ती हरत नव्हती. सामन्याचा आमच्याकडं एक रिवाज होता. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्या पार्टीला दुसऱ्या दिवशी घरी बोलावून जेवू घालायचं. राग पोटात राहू नये, जेवण राहावं म्हणून असेल. त्यामुळं आम्ही सामना जिंकला की दुसऱ्या दिवशी कुठंतरी जेवून यायचो, आणि येताना आत्याबाईंसाठी डबा आणायचो. त्या डबा उघडायच्या, वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "जितली वाटतं." आमच्या घरात निकाल असा डब्यातून लागायचा.

आता माझं पार्टीतलं काम. पहिल्याच कार्यक्रमात मी जोरात साथ दिली, तर गुरुजींनी पेटी थांबवून ती उलटीपालटी करून बघितली. त्यांना वाटलं, पेटीचा सूर बिघडला. त्यानंतर आक्कानं मला समजावलं, "धाकले, तू नुसतं तोंड हलव. टाळ्या वाजव. डोळं मिटून मान डोलाव. लोकांना तूच लई मन लावून गाती असं वाटंल." आणि वाटायचंही. एकदा माकणीत एका म्हातारीनं माझा हात धरून सांगितलं, "पुढली चांगलीच गाती, पर तुझ्या गळ्याला गोडवा हाय." मी मान खाली घातली. लोकांना तोही विनयच वाटला.

मला गाणं येत नव्हतं, तशी आक्काला भाकर येत नव्हती. म्हणजे तव्यावर काहीतरी पडायचं. पण थापताना गाणं सुचलं की हात थांबायचा, भाकरीच्या एका बाजूला पुरी व्हायची आणि दुसऱ्या बाजूला विटकर. आमच्या दोघींच्या चुली वेगळ्या, मधे एकच भिंत. आत्याबाई पंधरा दिवस तिच्याकडं जेवायच्या, पंधरा दिवस माझ्याकडं. पार्टी सुरू झाली तसं आक्का मला म्हणाली, "स्टेजवर तुझं मी झाकते. चुलीवर माझं तू झाक." मला पटलं. भिंतीत एक कोनाडा होता, त्याची मागची वीट आम्ही दोघींनी उलथन्यानं काढली आणि तिच्या बाजूनं वर सोसायटीचं कॅलेंडर लावलं. आत्याबाई सकाळी शेळ्या घेऊन गेल्या की मी दोन्ही घरच्या भाकरी थापायच्या आणि तिच्या वाटणीच्या भाकरी कॅलेंडराखालून पलीकडं सरकवायच्या.

यात एक गोष्ट माझ्या जिवाला लागायची. आत्याबाई पंधरवडा संपवून माझ्याकडं आल्या की पहिल्या घासाला म्हणायच्या, "थोरलीची भाकर मऊ आस्ती बग. तुझी वातड." एकाच काटवटीत, एकाच पिठाची, एकाच हाताची भाकर! भिंतीच्या पलीकडं आक्का पदर तोंडात कोंबून हसायची. मी सांगणार तरी काय?

असं चार वर्षं चाललं. ट्रॉलीतून, टेम्पोतून, एस.टी.च्या टपावर पेटी बांधून आम्ही हिंडलो. तेरखेड्याला तर एका कडव्याला खूश होऊन कुणीतरी फटाक्यांची माळच लावली. भाऊजी ढोलकी टाकून स्टेजखाली गेले, गुरुजींनी पेटीवर आडवं अंग टाकलं, आणि आक्कानं मात्र त्या माळेच्या तडतडीवरच पुढचं कडवं धरलं. मी काय करत होते? डोळे मिटून मान डोलावत होते. सवयच लागली होती.

मग ढोकीचा सामना आला.

ऊसतोडीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. त्या आठवड्यात रात्रीची लाईट नसायची, म्हणून सामना दुपारी तीनला ठेवला. उसाच्या दोन ट्रॉल्या समोरासमोर लावून दोन स्टेज केले होते. एका ट्रॉलीवर आम्ही, दुसरीवर बार्शीकडची एक पार्टी, सगळे बापे. त्यांचे गायक चाळिशीतले, अंगानं जाड, गळ्यात मफलर. पंच म्हणून तिथल्या एका हॉटेलाचे मालक. पुढं माणसं, आणि एका अंगाला तोडणीच्या बायकांचा मोठा घोळका.

दोन तास आक्कानं त्यांना दम खाऊ दिला नाही. इतिहासाचा सवाल, भूगोलाचा सवाल, जिल्ह्यातल्या नद्यांचा सवाल. ते टाकत होते, ही परतवत होती. तिचे तीन सवाल मात्र त्यांनी कसेबसे सोडवले. मग त्या गायकांनी मफलरीनं घाम पुसला, पाण्याचा एक अख्खा तांब्या संपवला, बायकांच्या घोळक्याकडं एकदा बघितलं आणि नवाच सवाल टाकला:

"पोथीतलं ना पुसतो बाई, पुसतो चुलीपासी,
किती बोटं गं लागती सांग भाकर थापायासी?"

हशा झाला. असला सोपा सवाल कुणी विचारतं का! आणि मग हळूहळू हशा थांबला, कारण कुणालाच उत्तर येईना. रोज करतो, पण मोजलंय कुणी? मी समोर बघितलं आणि मला जे दिसलं ते मी आजवर विसरले नाही. त्या साऱ्या बायका, म्हाताऱ्याकोताऱ्या, पोरीबाळी, मान खाली घालून आपापल्या मांडीवर नुसत्या हातानं भाकर थापत होत्या. पीठ नाही, पाणी नाही. मांड्यांवर थपथप, थपथप, आणि ओठांत मोजणं. पंचसुद्धा टेबलावर थापून बघायला लागले.

माझा हातही आपोआप मांडीवर गेला. थापते तर काय, चारच बोटं खाली पडत होती. अंगठा वर राहत होता. दुसरा हात नुसता काठ सावरत होता.

आक्कानं मांडीवर हात ठेवला नाही. ठेवून करणार काय? चार वर्षं त्या हातानं भाकर पाहिली नव्हती, थापणं तर लांबच. तिनं सरळ सूर लावला:

"दोन हातांची दहा बोटं रे, दहाही राबायाची..."

आणि त्याच क्षणी, त्या पहिल्या कार्यक्रमानंतर चार वर्षांनी, माझा आवाज माईकमधून बाहेर पडला. "चार!"

कर्णा कर्रकन वाजला. सगळी ढोकी माझ्याकडं बघायला लागली.

"ओ बाई, एक काय ते ठरवा," पंच म्हणाले. "दहा का चार?"

बार्शीचे गायक उठून उभे राहिले. "पंच, जबाब पुढल्या बाईचा धरत्यात. दहा म्हनल्या त्या. चुकलं! चार बोटं थापत्यात, अंगठा नुसता पाव्हणा, वर बसून बघतो!" बायकांकडून एकच गलका उठला, "व्हय की गं! चारच की!" तेवढ्यावर थांबावं ना त्यांनी. आमच्याकडं बोट करून म्हणाले, "मागलीला येतंय, पुढलीला न्हाय. आवो ताई, घरी भाकर करतंय कोन?"

हसून हसून माणसं एकमेकांवर पडली. आम्ही हरलो.

परतीच्या टेम्पोत भाऊजींनी ढोलकी मांडीवर उलटी धरली होती. आक्का म्हणाली, "धाकले, तू बोललीस कशाला गं?"

"आक्का, म्या बोललेच न्हाय. हात बोलला."

"मंग हाताला सांगायचं, जरा हळू बोल म्हणून." आणि तिनं तोंड फिरवून बाहेर बघायला सुरुवात केली. हरण्यावरून तिनं मला एवढंच ऐकवलं. पेटी बंद म्हणजे काय, ते आम्हा दोघींनाच कळत होतं. तिच्याकडं दुसरं होतंच काय? भाकर तर मी काढून घेतली होती.

आत्याबाईंपासून लपवावं म्हटलं तर लपणार कसं? रिवाजाप्रमाणं दुसऱ्या दिवशी दुपारी बार्शीची पार्टी दारात. पाच बापे, पाच टोप्या.

"कोन पाव्हणं म्हनायचं?" आत्याबाईंनी विचारलं.

"मावशी, काल ढोकीत तुमच्या थोरल्या सुनंला हारवली. आज जेवाया आलो."

असं तोंडावर! आत्याबाईंनी आक्काकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बसा," त्यांना म्हणाल्या. मग आक्काला, "थोरले, पेटी बांधून ठिव. सांच्याला गुर्जींकडं दिऊन ये." आक्कानं पेटीला फडकं गुंडाळलं, गाठ मारली आणि ती उंबऱ्याजवळ ठेवली. "आता पाव्हण्यांच्या भाकरी कर."

मी चटकन उठले. "तू बस," आत्याबाई म्हणाल्या. "हारली ती. ती करंल."

आक्का काटवटीपुढं बसली. पीठ हायब्रीड ज्वारीचं, त्याला मुळातच चिकटा कमी. पहिली भाकर उचलताना हातातच दुभंगली. दुसरी तव्यावर पडली ती कुठल्यातरी तालुक्याच्या नकाशासारखी. तिसऱ्या वेळी ते गायकच उठले. "ताई, वाईच सरका," म्हणाले, मफलर काढून खुंटीला अडकवली आणि हात धुऊन बसले. पिठात आधणाचं पाणी ओतलं, उकड घेतली, गोळा मळला आणि थापायला लागले. चार बोटं, अंगठा वर. काय तो हात! पुरणपोळीसारखी पातळ भाकर, चंद्रासारखी गोल, तव्यावर टाकली की टम्म. आम्ही सगळे बघत राहिलो. भाऊजींची बोटं नकळत ताटलीवर ठेका धरायला लागली.

"बारा वर्सं झाली पार्टी काढून," ते थापता थापता म्हणाले. "सगळं बापे. गावोगाव हिंडायचं. रोज जेवाया कोन घालतंय मावशी? हात शिकतो."

आत्याबाईंनी पहिली भाकर मोडली, खाल्ली, आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "सून आसावी तर आशी!"

आक्काला हसू आवरेना. आणि हसता हसता ती थांबली, कारण आत्याबाई घास हातात धरून तिच्याकडं बघत होत्या. हिशेब जुळत नव्हता.

"मंग थोरले, तुझी ती मऊ भाकर कुठली?"

आत्याबाई उठल्या. घरभर नजर फिरवली. सगळ्या घरात पिठाचे डाग एकाच ठिकाणी होते, सोसायटीच्या कॅलेंडरावर. त्यांनी ते उचललं, कोनाड्यात डोकं घातलं. पलीकडं माझी चूल, माझी काटवट, माझं दुरडीतलं फडकं.

डोकं तसंच आत ठेवून त्यांनी विचारलं, "किती दिस?"

"चार वर्सं, आत्याबाई," मी म्हटलं.

"म्हंजी मऊ बी तुझीच आन् वातड बी तुझीच?"

"व्हय."

त्यांनी डोकं बाहेर काढलं. लुगड्याला लागलेलं पीठ झटकलं. बराच विचार केला आणि म्हणाल्या, "तरी पर हिकडली मऊच व्हती."

मग त्या पाहुण्यांसमोर येऊन बसल्या. "एक सांगा पाव्हणं. ही तुमाला हारली ती गान्यात का भाकरीत?"

गायकांनी एक भाकर तव्यावरून उतरवली, हात झटकले. "गान्यात" म्हणून मोकळे झाले असते तर कुणी त्यांना खोटं ठरवणार नव्हतं. पण ते म्हणाले, "खरं सांगू का मावशी? गान्यातलं माझं सगळं संपलं व्हतं. आजून एक सवाल आला आसता तर मीच हारलो आसतो. म्हणून तर चुलीत शिरलो."

आत्याबाईंनी उंबऱ्याजवळच्या पेटीकडं बघितलं. "गान्यात हारली तर पेटी बंद, आसं म्हनले व्हते म्या. ही हारली भाकरीत." मग आक्काकडं वळून म्हणाल्या, "सोड ती गाठ. पर उद्यापास्नं तुझी भाकर तू करायची. मला काय वाढायची ती तुझ्या हातची वाढ. पुन्यांदा कुणी बोटं पुसली तर सांगता आली पायजेत."

आक्कानं गाठ सोडायला घेतली, ती तिला सुटेना. घट्ट मारली होती. शेवटी बार्शीच्या गायकांनीच दातानं सोडली. मग पेटी मधे ठेवून जेवणं झाली, आणि जेवल्यावर आक्का आणि त्या गायकांनी मिळून गाणी म्हटली. मी मागं बसून तोंड हलवलं.

त्यानंतर आक्का अजून नऊ वर्षं गायली. दोनदा रेडिओवर गेली. तेव्हा मात्र मला आत नेलं नाही, तिथं म्हणे नुसतं तोंड हलवलेलं ऐकू जात नाही. भाकर थापण्यावर तिनं रचलेलं गाणं लोक प्रत्येक कार्यक्रमात मागायचे, आणि पुढच्या बायका मांडीवर ठेका धरायच्या. माझी जागा त्या दिवसापासून माईकपासून चार हात लांब गेली. पुढं गावोगाव व्हिडिओ आले, कॅसेटी आल्या, सुपाऱ्या कमी झाल्या, आणि एका उन्हाळ्यात आक्कानं आपल्या हातानं पेटीला फडकं बांधलं. हरून नाही. दमून.

भाकर मात्र तिला शेवटपर्यंत जमली नाही. एका बाजूनं पुरी, एका बाजूनं विटकर, मधोमध करपलेली. आत्याबाई पंधरा दिवस तीच खायच्या. मग पंधरवडा संपवून माझ्याकडं यायच्या, माझ्या ताज्या भाकरीचा तुकडा मोडायच्या, सावकाश चावायच्या.

"चांगली हाय," म्हणायच्या. "पर थोरलीची सर न्हाय."

कोनाडा बुजवायचा तेवढा राहूनच गेला होता. कॅलेंडर हलायचं, आणि पलीकडून आक्काचं हसू ऐकू यायचं. तेही सुरात.